भिंत किती उंच?

विटांची रास दिसली की मी आजही वाट बदलतो. नकाशे काढून पोट भरणाऱ्या माणसाने असं म्हणणं म्हणजे हलवायाने साखरेला घाबरण्यासारखं आहे. घरात पोरं यावरून माझी यथेच्छ टिंगल करतात. पण त्यांनी त्या शनिवारची रास पाहिलेली नाही. लिंबायतमधल्या नव्या सरकारी शाळेच्या दारातच ती ओतून ठेवली होती. दहा वाजता बांधकामाचे साहेब यायचे होते, आणि ते ‘हो’ म्हणाले की त्याच दिवशी त्या विटा आत जाणार होत्या. माझ्या थोरल्या बहिणीच्या शाळेच्या बरोबर मधोमध.

ताई तिथली मुख्याध्यापिका. मराठी माध्यम, पहिली ते चौथी. पोरं बहुतेक आमच्यासारखीच, खानदेशातून आलेल्यांची. बाप लूमवर म्हणजे यंत्रमागावर, आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावणारी. शाळेची जुनी इमारत पाडली तेव्हा नवी होईपर्यंत वर्ग एका बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये भरत होते. चारही वर्ग एकाच पत्र्याखाली, मध्ये काही नाही. ताई सुरुवातीला रोज घसा बसवून घरी यायची आणि आईच्या हातचा काढा पीत सगळ्या जगाला शिव्या द्यायची. मग हळूहळू शिव्या कमी झाल्या. तिला शेडमध्ये काहीतरी दिसायला लागलं होतं.

आमची माणसं आखाजीच्या सणाला, लग्नसराईला गावी जातात आणि शेठचा निरोप येईपर्यंत परतत नाहीत. पोरांचे महिने बुडतात. जुन्या शाळेत असं पोर परत आलं की आपल्या वर्गाच्या बाकावर जाऊन बसायचं, फळ्यावरचं काही कळायचं नाही, आणि काही दिवसांनी ते यायचंच बंद व्हायचं. शेडमध्ये मात्र अडवायला भिंतच नव्हती. भागाकार अडला की तिसरीतलं पोर सरकत सरकत दुसरीच्या चटईवर जाऊन बसायचं, आणि वाचनाच्या वेळी परत आपल्या चटईवर. त्यांना असं करायला कोणी सांगितलं नव्हतं. ताईने फक्त एवढंच केलं, की त्यांना उठवलं नाही.

“मला अशीच शाळा काढून दे,” ती मला म्हणाली.

मी तेव्हा रिंग रोडवरच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. तोवर शहराला माझ्याकडून मिळालेली देणगी म्हणजे जिने, संडास आणि पाण्याच्या टाक्या. योगायोगाने ताईच्या शाळेचं काम आमच्याच ऑफिसात आलं. त्यात ना पेपरात नाव येणार होतं ना फोटो, म्हणून ते सरकत सरकत शेवटच्या टेबलावर, म्हणजे माझ्यासमोर आलं. मी लगेच स्वतःला मोठा वास्तुरचनाकार समजू लागलो. दाढीसुद्धा वाढवली होती काही दिवस.

पण काढला मी नकाशा. एक मोठी चौकोनी खोली, बरोबर मध्ये एक खांब, त्या खांबापासून चारी बाजूंना छताच्या तुळया. चार कोपरे म्हणजे चार वर्ग. दोन्ही बाजूंना ओटे, आणि प्रत्येक कोपऱ्याला ओट्यावर उघडणारं दार. खिडक्या इतक्या खाली, की चटईवर बसलेल्या पोराला बाहेरचं कडुलिंबाचं झाड दिसावं. बाईंच्या उंचीच्या फळ्याऐवजी भिंतीभर पोरांच्या उंचीचा काळा पट्टा, कुठेही बसा, कुठेही लिहा. शेजारच्या लूमकडची तेवढी भिंत अख्खी बंद, कारण तिकडची खटखट दिवसभर थांबत नाही. आणि तुळयांखाली घडीची लाकडी पार्टिशनं. शांतता हवी तेव्हा ओढा, एरवी उघडी.

ती पार्टिशनं मंजुरीत उडाली. महाग पडतात म्हणाले. तुळयांखाली मोकळ्या जागा राहिल्या, तशाच इमारतीत शाळा सुरू झाली, आणि मग वरून हुकूम आला की त्या विटांनी भरून घ्या. म्हणजे चार बंद खोल्या. खिडक्या समोरासमोर ठेवून मी जी हवा आरपार खेळवली होती ती अडकणार, आणि पोरं पुन्हा आपापल्या बाकावर. ताईने अर्ज केले, खेटे घातले. शेवटी साहेब गुजरातीत म्हणाले, “शनिवारी येऊन जोउं छुं.” येऊन बघतो.

“त्यांना फक्त शाळा चालू असताना दाखवायची,” ताईने मला बजावलं. “रोजच्यासारखी. तू काही बोलू नकोस. तू बोललास की काम वाढतं.”

मी बोललो नाही. निदान साहेबांशी नाही. शुक्रवारी जेवताना आईला तेवढं म्हणालो, की उद्या साहेब शाळा बघायला येणार आहेत, सगळं त्यांच्या बघण्यावर आहे.

आता आमची आई म्हणजे गल्लीतल्या ‘बघण्याच्या कार्यक्रमां’ची कायमची मुकादम. कोणाची मुलगी बघायला पाहुणे येणार असले की आधी आईला निरोप जायचा. एका खोलीचं घर. त्यातलं अंथरूण-पांघरूण, पिंप, टिकल्यांचे डबे, सगळं शेजारी हलवायचं. वळवळी पोरं तीन घरं सोडून चौथ्या घरात बसवायची, खोकणारे आजोबा चहाच्या टपरीवर. उरलेल्या मोकळ्या खोलीत एक चादर, चार कप, आणि मान खाली घातलेली मुलगी. पाहुण्यांना वाटावं, या घरात कोणी राहतच नाही. या पद्धतीने आईने कितीतरी लग्नं जमवली होती. मला हे सगळं माहीत होतं. तरी मी भाकरीचा तुकडा मोडत ‘बघायला येणार’ हे शब्द उच्चारले आणि शांतपणे झोपायला गेलो.

शनिवारी विटांची रास ओलांडून मी आत पाऊल टाकलं आणि जागीच थांबलो. शाळा धुऊन काढली होती. काळ्या पट्ट्यावरचं पोरांचं एक अक्षर शिल्लक नव्हतं, कोळशाने पुसून तो आरशासारखा केला होता. दारात रांगोळी. पुस्तकांचे डबे, गोट्या-चिंचोके, पोरांनी चिंध्यांचा केलेला गावाचा नकाशा, सगळं गायब. चार कोपऱ्यांपैकी एकाच कोपऱ्यात, तेल चोपडलेली, हात मांडीवर ठेवलेली, ओळीने बसवलेली पोरं. एकही हूं नाही की चूं नाही. बाकी तीन कोपरे रिकामे, ओले, चकाकणारे. ताईच्या हाताखालच्या तिघी बाई पदर सारखे करत भिंतीशी उभ्या. आणि मधल्या खांबाला टेकून आमची आई, लढाई जिंकल्यासारखी.

ताई माझ्या मागोमाग आली. ती सकाळीच साहेबांना आठवण द्यायला त्यांच्या ऑफिसात गेली होती, तिथून त्यांच्या जीपच्या आधी पोहोचायला धावत आली होती. तिने आत बघितलं आणि सरळ आईकडे गेली.

“आई, पोरं कुठेत?”

“गल्लीमा बसाडी दिधात,” आई म्हणाली. “ज्या गप बसतस त्याच ठेवेल शेतस.”

“का?”

“का म्हंजे? घर जसं ऱ्हास तसंच दखाडतस का कोनी पाव्हनाले?” घर असतं तसंच पाहुण्यांना दाखवतात का?

ताई माझ्याकडे वळली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. “तू सांगितलंस,” ती एवढंच म्हणाली. बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला.

साहेब पन्नाशीचे, सफारीतले, घामाने वैतागलेले. रांगोळी चुकवून आत आले. त्यांनी मान वर करून तुळया पाहिल्या, मग एका कोपऱ्यातली मूक पोरं, मग उरलेली रिकामी फरशी. मला वाटतं तेवढ्यात त्यांचा निर्णय झाला होता.

“बेन, अहीं तो मोटा भागनुं खालीज छे,” ते ताईला म्हणाले. इथे तर बहुतेक जागा रिकामीच आहे. “आमां ओरडा केटला गणुं? एक?”

खोल्या किती मोजायच्या, हा त्यांचा खरा प्रश्न होता. चार खोल्या म्हणजे चार शिक्षक. कागदावर एक खोली दिसली तर पुढच्या वर्षी तिघींपैकी कोण राहील याची खात्री नाही, असं ते चांगुलपणानेच समजावू लागले. तिघी बाईंनी एकमेकींकडे पाहिलं. म्हणजे भिंती नकोत म्हणावं तर शिक्षक जाणार, आणि भिंती हव्यात म्हणावं तर पोरं.

“साहेब, रोज अशी नसते शाळा,” ताई म्हणाली. “अर्धा तास थांबाल? फक्त अर्धा तास.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. ताईने त्यांच्या उत्तराची वाट न बघता खांबाकडे वळून आईला म्हटलं, “पोरांना आण. सगळ्यांना. जशी असतील तशी.”

“जशी शेतस तशी?” आईला धक्काच बसला. “त्या धाकलाले काखमा लई बठेल पोरले बी?”

“तिला आधी आण.”

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, जणू ताईला उन्हाचा त्रास झाला असावा. मग पदर खोचून निघाली. गल्लीतून तिचा आवाज ऐकू येऊ लागला, दारं वाजू लागली. साहेबांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. खिडकीपाशी उभे राहून बाहेर विटांजवळ ताटकळलेल्या ठेकेदाराच्या माणसाकडे बघत राहिले. मी खांबाचा गिलावा तपासण्याचं नाटक करत होतो. त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं.

मग पोरं आली. कोणी तोंडात पोळीचा घास घेऊन, कोणी एका पायात चप्पल घालून, कोणाच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. त्यांच्यामागे त्यांच्या आया, कडेवर साड्यांची गाठोडी, साहेब कसा दिसतो ते बघायला. तिघी बाईंनी डबे शोधून आणले. ओळीत बसलेल्या शहाण्या पोरांनी बाकीच्यांना बघितलं आणि ओळ मोडली. काही क्षणांत चारही कोपरे भरले आणि एवढा गलका झाला, की शेजारची लूम ऐकू येईना. साहेबांनी कपाळाला हात लावला.

“आ निशाळ छे के शाकमार्केट?” ते म्हणाले. ही शाळा आहे की भाजीबाजार?

 ताईचं लक्ष एका मुलीवर होतं. नऊ-दहा वर्षांची, कडेवर तान्हा भाऊ. गावाहून येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. ती दुसरीच्या कोपऱ्यात बसली, भावाला मांडीवर आडवा टाकला, आणि काळ्या पट्ट्यावर खडूने वजाबाकी मांडू लागली. हातचा घेताना अडली. शेजारचं तिच्याहून लहान पोर म्हणालं, “दहा उसने घे ना.” तिने घेतले. गणित सुटल्यावर ती उठली, बाळाला पुन्हा कडेवर मारलं, खांबाला वळसा घालून चौथीच्या चटईवर गेली, आणि तिथे कोणीतरी वाचत असलेला धडा आपल्याकडे ओढून घेऊन घडाघडा वाचू लागली. दोघा-तिघांनी माना लांब करून ऐकायला सुरुवात केली.

साहेब तिच्याजवळ गेले. “बेटा, तुं कया धोरणमां छे?” कितवीत आहेस?

मुलीने ताईकडे पाहिलं. “गणिताचं सांगू का वाचायचं?”

“रजिस्टरमध्ये?” साहेबांनी ताईला विचारलं, आता हिंदी-मराठीत.

“चौथी.”

“तो चौथीमध्ये बसवा. बस.”

“साहेब, जुन्या शाळेत हिला हिच्याच वर्गात बसवत होते,” ताई म्हणाली. “तेव्हा ही घरी टिकल्या लावत होती.”

बाळ रडू लागलं. मुलीने वाचता वाचताच त्याला थोपटलं. साहेब हळू आवाजात म्हणाले, “बेन, मला समजतं. माझ्याही घरात शिक्षिका आहे. पण कागद समजत नाही. कागदावर चार ओरडा पाहिजेत. भिंत पाहिजे.”

ताई दारातल्या विटांकडे बघायला लागली. आणि त्या क्षणी मी तोंड उघडलं. हिंमत म्हणून नाही. आमच्या धंद्यात कोणी ‘भिंत’ म्हणालं की पेन्सिल उचलण्याआधी जो प्रश्न तोंडात येतो, तोच आला.

“साहेब, भिंत किती उंच?”

“एटले?”

“म्हणजे... नकाशात उंची दिसत नाही. वरून बघितल्यावर भिंत म्हणजे दोन रेघा. खांबापासून चारी बाजूंना दोन-दोन रेघा काढल्या की कागदावर चार खोल्या. आता त्या रेघा खरोखर किती उंच जातात...”  एवढ्यात माझ्या लक्षात आलं, की मी एका सरकारी अधिकाऱ्याला भरल्या शाळेत लबाडी शिकवतो आहे.

 साहेबांनीही आयुष्यभर नकाशेच वाचले होते. बुटक्या भिंतीची रेघ बारीक आणि छतापर्यंतच्या भिंतीची ठळक काढतात, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक असणार. त्यांनी बोटाने गुडघ्याच्या थोडं वर, हवेत एक आडवी रेघ मारली. माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. मी मान डोलवली.

“छोकरां कूदी जशे,” ते म्हणाले. पोरं उड्या मारून जातील.

“जाऊ देत,” ताई म्हणाली.

त्यांनी काही लिहून दिलं नाही. जाताना दारातल्या ठेकेदाराच्या माणसाला एवढंच म्हणाले, “चारे बाजु दीवाल करी नाखो,” आणि जीपमध्ये बसले. मला त्यांनी संध्याकाळच्या आत नवा नकाशा पाठवायला सांगितला. मी लुनावर बसून ऑफिसकडे सुटलो. वाटेत मी गात होतो, असं उधना दरवाजापाशी सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने माझ्याकडे बघितलं तेव्हा कळलं.

दुपारी ऑफिसात ताईचा फोन आला. पीसीओवरून बोलत होती, धापा टाकत. “ये लवकर. ती वाढतेय.”

नव्या नकाशाची अमोनियाच्या वासाची ओलसर प्रत गुंडाळून मी पोहोचलो तर एका बाजूची भिंत गुडघ्याच्या वर आलेली, आणि गवंडी पुढच्या थरासाठी माल कालवत होता. राजस्थानी, कामात वाघ, हाताला उसंत नाही. ठेकेदाराच्या माणसाला मी नकाशा उलगडून दाखवला. त्याने नीट बघितला.

“बराबर है,” तो म्हणाला. “दीवाल. दो लाइन. ऊपर तक ले लेंगे, शाम तक हो जाएगा.”

“वरपर्यंत नाही!”

“कहाँ लिखा है?”

कुठेही लिहिलं नव्हतं. लिहिलंच नव्हतं, तीच तर खुबी होती. उंची लिहावी तर कागदावरच्या चार खोल्यांची एक खोली होते आणि तीन शिक्षकांचं काय होईल ते देव जाणे. न लिहावी, तर भिंत छताला लागते. साहेबांना फोन लावावा तर ते बारडोलीकडे दौऱ्यावर. माझी हुशारी माझ्याच हातात अमोनियाच्या वासासकट गुंडाळलेली होती. गवंड्याने थापी उचलली.

ताईने मग जे केलं ते मी आजवर कुठल्या बांधकामावर पाहिलेलं नाही. ती गेली आणि त्या ओल्या भिंतीवर बसली. मुख्याध्यापिकेच्या इस्त्रीच्या साडीसकट.

“बेन, उठो ना,” गवंडी म्हणाला. “माल सूख रहा है.”

“सूखने दो.”

तो दुसऱ्या टोकाला गेला. तिथे आई बसली. बसताना म्हणाली, “माय वं, गार शे.” तिला अजूनही हे सगळं पटलेलं नव्हतं. मी आल्यापासून ती मला ऐकवत होती, की मुलगी बघायला बोलवायचं आणि घरातला पसारा दाखवायचा, असं कुठे असतं का. पण कोणी आपल्या लेकीला उठवतोय म्हटल्यावर पटण्या-न पटण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्यामागोमाग एकेक करत गल्लीतल्या बाया आल्या. मांडीवर साड्या पसरल्या, टिकल्यांचे डबे मध्ये ठेवले, आणि भिंतीवर ओळीने बसून कामाला लागल्या. सकाळची ती मुलगीही आली. बसायला तिच्या पायांना भिंत थोडी उंच पडत होती, म्हणून तिने आधी बाळाला वर बसवलं, मग स्वतः चढली.

गवंडी घमेलं घेऊन उभा. ठेकेदाराचा माणूस माझ्याकडे बघतोय, मी नकाशाकडे.

“कब तक बैठोगे?” गवंड्याने आईला विचारलं.

“सिमेट सुके तवलोंग,” आई म्हणाली, आणि शेजारणीला, “हाऊ दखाले बरा शे, पन हट्टी दिखस.”

बाया हसल्या; आईने गवंड्यालाच स्थळासारखं पारखलं होतं. गवंड्याला शब्द कळले नसतील, पण हसणं कळलं.  घमेल्यातला माल घट्ट होत चालला होता, आणि माल वाया जाणं कुठल्याच गवंड्याला सोसत नाही. शेवटी तो ठेकेदाराच्या माणसाला म्हणाला, “ऊपर से गोल पट्टी मार देता हूँ. बच्चों को लगेगा नहीं. पर इनको बोलो, उठें तो सही.” वरची कड गोल केली की भिंत तिथेच संपली.

“पहिले थापी खाली ठेव,” ताई म्हणाली. या वेळी चक्क मराठीत.

त्याने थापी खाली ठेवली. बाया एकेक करून उठल्या, साड्या झटकल्या. ताई सर्वांत शेवटी उठली, आणि उठल्यावर घरी गेली नाही. दुसऱ्या बाजूच्या भिंतीचा पहिला थर लागायचा होता, ती भिंतही गुडघ्याच्या वर जाऊ नये म्हणून तिथे जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.